वर बघा, हात हलवा

मिरागाया, पोर्तो
११ मार्च २०१८

झुल्मीरा, पोरी,

तुझं पत्र पोचलं. मार्सेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं हे बरं झालं. आता तरी तो घरात काही हालचाल करतो, की तू लक्झेंबर्गभरच्या कचेऱ्या पुसून आलीस की तूच त्याच्यापुढे ताट ठेवतेस? तुझा बाप तर धडधाकट असून ताटाची वाट बघत बसायचा, त्यामुळे मी मार्सेलला फार नावं ठेवत नाही.

माझं विचारशील तर कान आता पार गेले. एर्मीनिया समोरच्या खिडकीतून ओरडते, तिचा जबडा हलताना दिसतो, बस. फोन तर कानाला लावायचा भाजलेला बटाटा झालाय. म्हणून तू लिहीतच जा. येणाऱ्यांसाठी मी दाराशी पाटी नि खडू टांगलाय. कानाच्या यंत्राचं तू नाताळात म्हणाली होतीस, त्याचं काय झालं?

आता इथली गंमत ऐक. तळमजल्यावरच्या शिंपिणीचा अन्सेल्मो आठवतो? नाक गळकं, आपल्याकडे सूप प्यायला यायचा. तो आता नारिंगी छत्री उंच धरून पाहुण्यांना जुन्या पोर्तोतून पायी फिरवतो. कॅथेड्रलपासून निघतो, पायऱ्यांनी बारेदोच्या आळ्यांत उतरतो, नदीकाठाने चालत येतो आणि शेवटी आपल्या घरांखालच्या कमानींपाशी, बरोब्बर माझ्या खिडकीखाली थांबतो. तिथे बराच वेळ बोलतो आणि ते सगळे माना वर करून माझ्याकडे बघतात.

सुरुवातीला मी कुंड्यांना पाणी घालताना हात जरा सैल सोडला. एका जर्मनाची टोपी भिजली. मग अन्सेल्मो केक घेऊन वर आला आणि पाटीवर लिहिलं, ‘मावशी, पाणी नको. नुसता हात हलवा.’ मी हलवला. अगं, सगळ्यांनी हलवला. म्हातारे, पोरी, कडेवरची बाळं. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, ‘काय सांगतोस रे माझ्याबद्दल?’ त्याने लिहिलं, ‘पुराच्या खुणा. मासळीबाजार. तुम्ही डोक्यावर तारल्या घेऊन कशा ओरडत जायचात ते.’

ओरडायचेच मी. नदीपलीकडून गिऱ्हाईक यायचं माझ्या आवाजावर. कोणाला तरी आठवण आहे हे बरं वाटलं.

तुझी आई

*

लक्झेंबर्ग
९ एप्रिल

आई,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. अन्सेल्मोने तुझा फोटोही पाठवला. खिडकीत तू चांगली दिसतेस.

यंत्राचं मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात सवय होत नाही, डोकं दुखतं, चक्कर येते. जिन्यात पडलीस तर कोण धावणार? जरा थांबू या.

एक गोष्ट नीट समजून घे. घरमालकाने वरचे दोन्ही मजले पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढले आहेत, तुझाही मजला त्याला हवा आहे. मागच्या हिवाळ्यात त्याचा माणूस घर सोडायचा कागद घेऊन आला होता, तो उगीच नाही. पण अन्सेल्मोचे घोळके तुझ्या खिडकीखाली थांबायला लागल्यापासून वरच्या खोल्या रिकाम्या राहत नाहीत. लोकांना त्या खिडकीतल्या बाईच्या डोक्यावर झोपायचं असतं म्हणे. जोवर हे चालू आहे तोवर तुला कोणी हलवणार नाही. तेव्हा पाणी टाकू नकोस आणि अन्सेल्मो सांगेल तसं कर.

झुल्मीरा

*

मिरागाया
२ जुलै

झुल्मीरा,

साँ जुआँवचा सण झाला. तारल्या भाजून भाजून आळी अजून धुरकट आहे. यंदा आपल्या कमानींखाली आपली माणसं कमी आणि कॅमेरे जास्त.

तू म्हणालीस तसं सगळं करते आहे. अन्सेल्मो म्हणतो त्या वेळेला खिडकीत बसते. काळी शाल पांघर म्हणतो, तीही पांघरते. मला काळं आवडत नाही हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. तुझा बाप गेला तेव्हा महिना भरायच्या आत मी दुखवट्याचं काळं उतरवलं नि लाल ब्लाउज घालून बाजारात गेले. एर्मीनियाने त्यावर वर्षभर तोंडसुख घेतलं. आता ती मला शालीत बघते आणि हसते. हसू दे. घरमालकाचा माणूस परवा जिन्यात भेटला, टोपी काढून बाजूला झाला.

पण काही गोष्टी मला कळत नाहीत. दाराशी लोक फुलं ठेवून जातात. एकाने लाकडाची छोटी होडी ठेवली. मला होडी कशाला? काल एक बाई जिना चढून वर आली, माझ्या हातात सेंट अँथनीची तसबीर कोंबली, गालाचा मुका घेतला आणि रडत खाली गेली. सेंट अँथनी हरवलेलं शोधून देतो. माझं काय हरवलंय? चष्मासुद्धा जागेवर आहे. अन्सेल्मोला विचारलं तर त्याने पाटीवर लिहिलं, ‘लोकांचा जीव जडलाय मावशी.’ मासे विकणाऱ्या बाईवर कोणाचा इतका जीव जडतो?

तुला काही माहीत असेल तर लिही.

आई

*

लक्झेंबर्ग
३० जुलै

आई,

कामाची घाई आहे, थोडक्यात लिहिते. सुट्टीवर आलेली माणसं हळवी असतात, घरी परत गेली की विसरतात. तू फार विचार करू नकोस. फुलं पाण्यात ठेव, होडी एर्मीनियाच्या नातवाला दे.

ऑगस्टमध्ये यायचं जमेल असं वाटत नाही.

झुल्मीरा

*

मिरागाया
१७ सप्टेंबर

झुल्मीरा,

तुझ्या यंत्राची वाट बघून कंटाळले. पाद्रीबाबांची बहीण उन्हाळ्यात वारली, तिचं यंत्र त्यांनी मला दिलं. मेलेल्या बाईच्या कानांनी ऐकते आहे. मधूनच शिट्ट्या वाजतात, पण बोललेलं कळतं. मी कोणालाही सांगितलं नाही.

मला वाटलं, अन्सेल्मो माझ्याबद्दल रोज इतकं बोलतो, तर एकदा ऐकावं. रविवारचा घोळका आपल्या भाषेतला असतो, ब्राझीलचे नि लिस्बनचे लोक. मी रेनकोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला, काळा चष्मा लावला आणि कॅथेड्रलच्या अंगणात जाऊन मागे उभी राहिले. मला बघायची सवय सगळ्यांना खिडकीतच. पाय असलेली मी कोणाच्या ध्यानात येणार?

पायऱ्या उतरताना गुडघे बोलत होते, पण मजा येत होती. ज्या कारंज्यावर आम्ही पाणी भरताना एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, ते म्हणे प्रेमिकांचं कारंजं. लोकांनी त्यात नाणी टाकली. बारेदोत दोरीवरच्या चादरी दाखवून म्हणाला, इथे जुनं जीवन अजून टिकून आहे. सगळ्या चादरी एकसारख्या पांढऱ्या, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या. जुन्या बेकरीच्या जागी आता साबणाचं दुकान आहे. सगळे आत जाऊन वास घेत होते. मी बाहेर थांबले.

मग आपल्या कमानी आल्या. अन्सेल्मोने छत्री खाली घेतली आणि आवाजही खाली घेतला. म्हणाला, ‘आता वर बघा. ती खिडकी. आज आजी दिसत नाही, बरं नसेल तिला. एरवी रोज बसते. तिचा मुलगा बेल्मीरो ऐन विशीत या नदीत बुडाला. प्रेत मिळालं नाही. तिला सांगायला कोणी धजलं नाही, आणि हळूहळू तिचं डोकं फिरलं. तुमच्यासारखा घोळका आला की तिला वाटतं, त्यात तिचा बेल्मीरो आहे. म्हणून ती हात हलवते. तुम्हीही हलवा. तिला तेवढंच सुख.’

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या रिकाम्या खिडकीला सगळ्यांनी हात केला.

शेजारी लिस्बनची एक बाई होती, तिला रडू फुटलं. माझा हात धरून म्हणाली, ‘तुम्हाला मुलं आहेत का हो?’

मी म्हटलं, ‘दोन.’

‘मग तुम्हाला कळेल,’ म्हणाली.

घोळका पांगल्यावर मी चष्मा काढला. अन्सेल्मो पांढराफटक पडला, पण बेरड आहे, लगेच सावरला.

‘मावशी, तुम्हाला ऐकू येतं?’

‘आता येतं. माझं डोकं कधी फिरलं रे?’

‘गोष्ट आहे ती. पुराच्या खुणा बघून कोणी रडत नाही, मावशी.’

‘आणि बेल्मीरो बुडाला?’

‘मग काय सांगू? खरं सांगू?’

मी चष्मा खिशात टाकला. तो म्हणाला, ‘मी झुल्मीराताईला आधीच विचारलं होतं. तीच म्हणाली, हाकलून दिला म्हणू नकोस, बुडाला म्हण.’

तुझ्या भावाला मी घराबाहेर काढलं त्याला एक जन्म लोटला. त्याचं नाव या घरात काढायचं नाही असा माझा नियम होता आणि तो मी पाळला. नियम मोडून त्याला नदीत बुडवायचा अधिकार तुला कोणी दिला ते लिही.

डोकं फिरलेली तुझी आई

*

लक्झेंबर्ग
८ ऑक्टोबर

आई,

हो, मी सांगितलं. आणि यंत्रही मुद्दामच पाठवलं नाही. ते मार्चपासून माझ्या कपाटात पडलं आहे. तुला ऐकू आलं नसतं तर तू आजही खिडकीत सुखाने बसली असतीस.

अधिकाराचं विचारतेस तर ऐक. मी चौदा वर्षांची होते. तू बेल्मीरोचे कपडे कमानींखाली नेऊन पेटवलेस. त्याचा पांढरा शर्ट, रविवारची पँट, माझ्या हातची विणलेली टोपीसुद्धा. सगळी आळी उभी होती. तू माझा दंड धरून मला पुढे केलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, ‘नीट बघून घे. मला आता एकच मूल.’ बेकरीतल्या त्या पोरावर त्याचा जीव होता, एवढाच त्याचा गुन्हा. बाबा दारू पिऊन तुला मारायचे तेव्हा त्यांचा सदरासुद्धा तू कधी बाहेर फेकला नाहीस.

तेव्हा मी काहीच नवीन केलेलं नाही. त्याला मेलेला तू ठरवलंस. मी फक्त लोकांना ऐकवण्यासारखं केलं.

तो जिवंत आहे. लियाँला त्याचं पावाचं दुकान आहे. बेकरीतला तो त्याच्याबरोबर बरीच वर्षं होता, मागच्या साली वारला. बेल्मीरो दर नाताळला मला फोन करतो आणि एकच विचारतो, आईने माझं नाव काढलं का? मी त्याच्याशी खोटं बोलत नाही. नाही म्हणते.

लोकांना खरं तेच सांगायचं असेल तर अन्सेल्मोला थांबव आणि सामान बांध. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, त्यांतल्या एका खोलीत मार्सेल आणि त्याचा गुडघा असतो.

झुल्मीरा

*

मिरागाया
२९ ऑक्टोबर

झुल्मीरा,

तुझं पत्र चुलीत घालायला दोनदा उठले आणि दोनदा परत येऊन बसले.

त्याला कळव, आईने नाव काढलं. ये म्हणावं. हिरव्या पानांचं सूप करीन, मक्याचा पाव आणीन. माफी वगैरे मला मागता येणार नाही, तसं आधीच सांगून ठेव. त्याच्याकडूनही कसली माफी नको. नुसतं येऊन बसू दे.

तो बेकरीतला वारला हे मला आधी कळवायला हवं होतंस. मी काही केलं असतं असं नाही. पण कळवायला हवं होतंस.

आई

*

लक्झेंबर्ग
२६ नोव्हेंबर

आई,

बेल्मीरो येणार आहे. फोनवरच हो म्हणाला.

जानेवारीत येईल, दिवस सांगत नाही. थेट घरी यायची त्याची छाती होत नाही. तू दार उघडून पुन्हा लावशील असं त्याला वाटतं, आणि आता ते सोसायचं वय राहिलं नाही म्हणतो. म्हणून तो रविवारच्या घोळक्यातून येईल. बाकीच्यांसारखा कॅथेड्रलपासून चालत येईल, खाली उभा राहून तुला बघेल. तू हाक मारलीस तर वर येईल.

एवढंच करायचं आहे तुला. हाक मारायची. त्याने मला विचारलं, ‘मारेल का ती?’ मी म्हटलं, ‘तिने जन्मभर दुसरं काय केलं?’

अन्सेल्मो खाली काय सांगतो ते मी त्याला सांगितलेलं नाही. धीर झाला नाही. तू अन्सेल्मोला तेवढे रविवार गप्प राहायला सांग.

झुल्मीरा

*

मिरागाया
२१ जानेवारी २०१९

झुल्मीरा,

काल आला होता.

आधी अन्सेल्मोचं सांगते. मी त्याला म्हटलं, जानेवारीत ती गोष्ट नको. तो म्हणाला, ‘हिवाळ्यात आधीच माणसं नाहीत, मावशी. गोष्ट गाळली तर लोक इथवर येणार नाहीत, आणि लोक आले नाहीत तर मालकाचा कागद येईल. कागदाची तुमची तयारी आहे का?’ मी विचार केला, बेल्मीरो घरी यायचा तर आधी घर तर हवं. म्हटलं, बरं, सांग.

शाल काढून ठेवली होती. निळा ब्लाउज घातला होता, यंत्र कानात होतं, सूप शेगडीवर होतं. घोळका कमानींखाली आला आणि मी त्याला लगेच ओळखलं. केस पिकलेत, अंगाने सुटलाय, पण मान तशीच जरा डावीकडे कललेली, लहानपणी कान दुखायचा तेव्हापासूनची. हातात टोपी धरून उभा होता. त्याच्या आजूबाजूला ब्राझीलच्या पोरी फोन वर धरून.

अन्सेल्मो त्याला ओळखत नव्हता. त्याने आवाज खाली घेतला आणि सुरू झाला. ‘तिचा मुलगा बेल्मीरो ऐन विशीत या नदीत बुडाला.’ मी बेल्मीरोच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याने अन्सेल्मोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

हाक ओठांवर आली होती गं. पण तू मला सांग, मी काय करायला हवं होतं? आत्ताच त्यांना सांगून झालं होतं, या बाईला प्रत्येक घोळक्यात आपला मेलेला पोरगा दिसतो. मी ‘बेल्मीरो’ म्हणून ओरडले असते तर सगळे म्हणाले असते, बघा, झटका आला बिचारीला. त्यालाही तसंच वाटलं असतं. मी आधी अन्सेल्मोला गप्प बस म्हणू की आधी हाक मारू, यातच ती वेळ गेली.

आणि हात वर गेला. मी नेला नाही, रोजची वेळ झाली म्हणून गेला. तोंडावर हसूही आलं असणार, तेही रोजचंच. खाली सगळ्यांनी हात हलवले. बेल्मीरोनेही हलवला. मग अन्सेल्मोने छत्री उचलली आणि सगळे चालू लागले, त्यांच्यात तोही.

मला वाटलं, घोळका सुटला की परत येईल. दार उघडं ठेवून बसले. सूप दोनदा गरम केलं. जिन्यात पावलं वाजली, ती वरच्या पाहुण्यांची.

त्याने तुला काही कळवलं असेल तर लगेच लिही. त्याला सांग, मी ओळखलं होतं.

आई

*

लक्झेंबर्ग
११ फेब्रुवारी

आई,

मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, ‘ती हसली. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या पोरींना बघून हसली, तशीच मला बघून. मी बुडालो हे खाली सांगत होते आणि ती वरून हात हलवत होती.’

मी म्हटलं, तिने तुला ओळखलं, तिने स्वतः लिहिलं आहे. तो म्हणाला, ‘मग तर आणखी वाईट. तो फिरवणारा म्हणाला, तिचं डोकं फिरलंय, तेव्हा मी वर जायला निघालोच होतो. म्हटलं, वेडी झाली आहे, आता काय धरून बसायचं. मग तिच्या कानातलं यंत्र दिसलं. म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं.’

त्याला वाटतं, ही गोष्ट तू आणि अन्सेल्मोने मिळून रचली आहे. ती मी रचली हे मी त्याला सांगितलं नाही, आई. तो तुझा झाला नाही, माझा तरी राहू दे. तू हे वाचून मला काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, ते पत्रात लिहू नकोस.

त्याने सांगितलं आहे की यापुढे तुझ्याबद्दल काही कळवायचं नाही. मी कबूल केलं.

घर तरी सांभाळ. खिडकीत बसत जा.

झुल्मीरा

*

मिरागाया
२५ मार्च

झुल्मीरा,

तू नको म्हणालीस, म्हणून तुला काहीच म्हणत नाही.

परवाच्या रविवारी आपल्या भाषेतला घोळका मोठा होता. ऊन पडलं होतं. अन्सेल्मो नेहमीसारखा ‘वर बघा’ म्हणाला आणि मी उठून उभी राहिले. तारल्या विकायचा आवाज काढला. अजून आहे तो, खाली कबुतरं उडाली.

म्हटलं, ‘तो बुडालेला नाही. मी त्याला हाकललं. बेकरीतल्या पोरावर त्याचा जीव होता म्हणून. तुम्ही उभे आहात तिथेच त्याचे कपडे जाळले. माझं डोकं फिरलेलं नाही, तेव्हाही नव्हतं. जानेवारीत तो तुमच्यासारखा खाली उभा होता आणि मी त्याला हाकसुद्धा मारली नाही.’

अन्सेल्मो म्हणत होता, ‘मावशीला बरं नाहीये, चला पुढे.’ पण कोणी हललं नाही. एक माणूस हसला. एका बाईने दाराशी मेणबत्ती लावली होती, ती तिने वाकून विझवली आणि पिशवीत टाकली. एक तरुण पोरगा खूप वेळ माझ्याकडे बघत राहिला, थुंकला आणि गेला. हात कोणी हलवला नाही. मीही नाही. एर्मीनियाने समोरची खिडकी लावून घेतली. तिला हे सगळं तेव्हाही ठाऊक होतं, कपड्यांवर ओतायला रॉकेल तिनेच आणून दिलं होतं, तरी खिडकी लावली.

अन्सेल्मो त्यानंतर वर आला. पाटीवर लिहायला लागला, मग ध्यानात आलं की मला ऐकू येतं. म्हणाला, ‘काय मिळवलंत? मी तुम्हाला संत करून ठेवलं होतं.’ मी म्हटलं, ‘सूप पितोस का?’ नाही म्हणाला.

आता त्याचा घोळका कमानींच्या अलीकडेच वळतो. घरमालकाचा माणूस येऊन गेला. या वेळी टोपी डोक्यावरच होती. कागदावर सही कर म्हणाला, मी केली. मे महिन्यात खोली रिकामी करायची आहे.

माझं सामान फार नाही. कुठे पाठवायचं ते कळव.

आई

*

लक्झेंबर्ग
१५ एप्रिल

आई,

वाल्बोंला ननांच्या वृद्धाश्रमात एक खाट मिळाली आहे. खोलीत आणखी दोघी असतील. नदी तिथूनही दिसते म्हणतात, तुझ्या खाटेवरून नाही, जेवणघरातून. मी मेच्या पहिल्या शनिवारी येईन, सामान हलवीन आणि त्याच दिवशी परत निघेन. कपाट आणि पलंग तिथे नेता येणार नाहीत. भांडी एर्मीनियाला द्यायची नसतील तर खाली ठेव, कोणीतरी उचलेल.

मार्सेलशी बोलून पाहिलं. आमच्याकडे खरंच जमणार नाही.

तू खिडकीतून बोललीस ते त्या घोळक्यातल्या कोणीतरी फोनवर टिपलं होतं. आता ते सगळीकडे फिरतं आहे. ब्राझीलमध्ये फार लोकांनी पाहिलं, लियाँतल्या आपल्या लोकांनीही पाहिलं, आणि बेल्मीरोच्या दुकानात कोणीतरी गल्ल्यावर त्याच्यापुढे धरलं. ही बाई तुमच्या पोर्तोची ना, म्हणून.

तुझ्याबद्दल काही कळवायचं नाही असं ठरलं होतं, पण या वेळी फोन त्यानेच केला. त्याने ते शेवटपर्यंत पाहिलं होतं. मला वाटलं, आता तो म्हणेल, येतो. मी खुर्ची ओढून बसले.

तो म्हणाला, ‘खरं बोलता येत होतं तर तिला. परक्यांपुढे बोलली. मी खाली उभा होतो तेव्हा हसली.’

झुल्मीरा